हायवेवर जप्त झालेली कॅश परत मिळवताना

वकिलाने सांगितलं होतं की पैसे खात्यात पडेपर्यंत कुठेही काही लिहू नका, आणि नंतर फूड ट्रेलरच्या गडबडीत राहूनच गेलं, म्हणून आत्ता लिहितेय. अमेरिकेत गाडीत रोख रक्कम सापडली एवढ्यावरून पोलीस ती घेऊन जाऊ शकतात. अटक नाही, केस नाही, आम्हाला तर साधं चलनसुद्धा फाडलं नाही, नुसती वॉर्निंग दिली. ती परत कशी मिळवायची यावर इंग्रजीत ढीगभर सापडतं पण मराठीत मला तेव्हा एक ओळ मिळाली नव्हती, आणि आपल्यातले बरेच लोक, विशेषतः छोटा धंदा करणारे, आजही कॅश बाळगतात. मी वकील नाही, हा फक्त आमचा अनुभव आहे.

आम्ही डॅलसजवळ राहतो. वडापाव-मिसळचा फूड ट्रेलर टाकायचा म्हणून दोन राज्यं सोडून एका गावात एक सेकंडहँड ट्रेलर बघून ठेवला होता, मालक म्हातारा माणूस, चेक घेणार नाही म्हणाला, कॅश आणा आणि घेऊन जा. आमच्याकडे २३,८०० डॉलर होते. त्यातले १२,००० भिशीचे (बारा घरं, महिन्याला हजार, ऑक्टोबरचा नंबर आमचा), ७,५०० बँकेतून काढलेले, आणि ४,३०० जुनी कोरोला विकली त्याचे. नवऱ्याला सुट्टी नव्हती म्हणून मी आणि धाकटा दीर निघालो.

१४ ऑक्टोबर २०२२, शुक्रवार, दुपार. इंटरस्टेटवर (राज्यं जोडणारा मोठा हायवे) शेरीफच्या, म्हणजे तिथल्या स्थानिक पोलीसप्रमुखाच्या, डेप्युटीने थांबवलं, कारण काय तर लेन बदलताना इंडिकेटर पुरेसा आधी दिला नाही. लायसन्स घेतलं, मला त्याच्या गाडीत पुढे बसवलं, वॉर्निंग टाइप करता करता गप्पा, कुठे चाललात, कशाला, हा कोण तुमचा. मग उठून आमच्या गाडीकडे गेला आणि दिराला तेच सगळं विचारलं. परत आला, लायसन्स आणि वॉर्निंग हातात दिली, सांभाळून जा म्हणाला, मी उतरले, तो वळला, आणि दोन पावलं जाऊन परत आला. अजून एक विचारू का? गाडीत ड्रग्ज, हत्यारं, मोठी रोकड आहे का?

हे दोन पावलांचं प्रकरण उगाच नसतं हे मला नंतर कळलं. २०१५ मध्ये सुप्रीम कोर्टाने रॉड्रिग्ज खटल्यात सांगितलं की ट्रॅफिकचं काम संपल्यावर ड्रग्ज हुंगणारा कुत्रा आणण्यासाठी गाडी रोखून धरता येत नाही. म्हणून काम संपल्याचं दाखवायचं, कागद परत द्यायचे, आणि मग "सहज" बोलणं सुरू करायचं, म्हणजे तुम्ही स्वखुशीने थांबलात असं रेकॉर्डवर येतं. जुलै २०२३ मध्ये कॅन्ससच्या एका फेडरल जज बाईंनी तिथल्या हायवे पेट्रोलच्या अशाच पद्धतीबद्दल फार कडक निकाल दिला, तो वाचताना मला हसावं की रडावं कळेना. आमचं राज्य वेगळं होतं पण पावलं तीच.

मी खरं सांगितलं, हो, रोख आहे, ट्रेलर घ्यायला चाललोय. अमेरिकेत देशांतर्गत प्रवासात कितीही कॅश बाळगली तरी तो गुन्हा नाही. दहा हजारांच्या वरची रक्कम जाहीर करायची असते ती देशाबाहेर जाताना किंवा आत येताना. पण त्याने दिराला किती पैसे आहेत विचारलं होतं आणि दिराला फक्त भिशीचे माहीत, तो बारा हजार म्हणाला, मी चोवीस हजाराच्या आसपास म्हणाले. झालं, "दोघांच्या बोलण्यात विसंगती". नंतर जी कागदपत्रं आली त्यात हे वाक्य ठळकपणे होतं, शिवाय रबरबँड लावलेली बंडलं, आणि हा रस्ता ड्रग्जची ने-आण होणारा म्हणून प्रसिद्ध आहे हेही. अहो, इंटरस्टेट आहे, सगळीच ने-आण तिथूनच होते.

कुत्रा आला. गाडीभोवती फिरला, डेप्युटी म्हणाला अलर्ट दिला, म्हणजे ड्रग्जचा वास आल्याची खूण केली, मला तो फक्त बसलेला दिसला. गाडीत ड्रग्ज सापडले नाहीत, कारण नव्हतेच. पैशाचं पाकीट सापडलं, ते तर मी आधीच सांगितलं होतं.

मग एक फॉर्म पुढे केला. त्यात असं की हे पैसे माझे नाहीत, माझा त्यावर हक्क नाही, मी मागणार नाही. सही केली तर लगेच जा. दीर एच-१बी वर, त्याचा चेहरा पांढरा पडलेला, मराठीत सारखं म्हणत होता, "वहिनी, करून टाका सही, माझा व्हिसा जाईल, पैसे परत कमवू." मला त्याचा राग नाही, त्या उन्हात, दोन कमरेला बंदुका लावलेल्या माणसांपुढे माझेही पाय थरथरत होते. पण भिशीचे बारा हजार म्हणजे पुढे महिन्याला हजार भरायचेच होते, बारा घरांना काय सांगणार? मी सही केली नाही. टेक्ससमधलं टेनाहा नावाचं गाव याच फॉर्मपायी बदनाम झालं, सही करा नाहीतर केस टाकू, मुलं ताब्यात घेऊ अशा धमक्या दिल्याचा आरोप होता, २००८ मध्ये लोकांनी दावा लावला आणि २०१२ मध्ये तडजोड झाली. आज कुणी मला एकच गोष्ट विचारली तर मी हेच सांगेन, रस्त्यावर कशावरही सही करू नका, आणि पावती घेतल्याशिवाय हलू नका.

पावतीवर आकडा नव्हता. "अमेरिकन चलन, रक्कम निश्चित नाही" एवढंच, पैसे मोजलेच नाहीत, पिशवीत घालून सील केले, मोजणी नंतर बँकेत होते म्हणे. घरी पोचेपर्यंत माझ्या डोक्यात तेच, की आकडा लिहिलेलाच नाही तर नंतर कमी निघाले तर काय. (कमी निघाले नाहीत, पत्रात बरोबर २३,८०० होते, हे त्यांच्या बाजूने सांगितलं पाहिजे.) पावतीचा, पाकिटाचा, वॉर्निंगचा फोटो काढा, आणि त्याच रात्री काय काय झालं ते वेळेसकट लिहून ठेवा, मी ते हॉटेलच्या खोलीत केलं आणि पुढे फार उपयोग झाला.

पुढचे दोन महिने नुसते फोन. शेरीफच्या ऑफिसात म्हणाले आता ते फेडरल एजन्सीकडे दिलंय, एजन्सीत म्हणाले आमच्या सिस्टीममध्ये दिसत नाही, पत्राची वाट बघा. याला तिकडे अडॉप्शन म्हणतात, म्हणजे जप्ती गावच्या पोलिसांची, पण प्रकरण दत्तक घेतं केंद्र सरकार. का, हे समजायला मला बरेच दिवस लागले आणि समजल्यावर झोप उडाली. काही राज्यांचे कायदे जप्ती करणाऱ्या पोलिसांवर कडक आहेत. मिसूरीत तर राज्यघटनेप्रमाणे असा पैसा शाळांना जातो. पण प्रकरण फेडरल केलं की इक्विटेबल शेअरिंग नावाच्या योजनेतून ८० टक्क्यांपर्यंत रक्कम ज्या खात्याने जप्त केली त्यालाच परत मिळते. हे १९८४ च्या कायद्यापासून चालू आहे, त्याआधी जप्तीचा पैसा सरकारच्या मुख्य तिजोरीत जायचा. त्यातून गाड्या, उपकरणं, ट्रेनिंग, ओव्हरटाइम. टेक्ससमध्येच एका सरकारी वकिलाच्या ऑफिसने जप्तीच्या पैशातून मार्गारिटा बनवायचं मशीन घेतलं होतं, ती बातमी वाचून नवरा म्हणाला आपल्या भिशीतून निदान मिक्सर तरी आला असता.

आपल्याकडे निवडणुकीत नाक्यावर गाड्या अडवून पन्नास हजारांवरची रोकड कागद नसतील तर ताब्यात घेतात, माझ्या मामांची कांदाविक्रीची रक्कम अशीच एकदा अडकली होती. मनस्ताप तिथेही झालाच, पण ती रक्कम ट्रेझरीत जाते, जिल्ह्याच्या समितीपुढे पट्टी-पावती दाखवली की सुटते, आणि जप्त करणाऱ्या हवालदाराच्या ठाण्याला त्यातून नवी जीप येत नाही. माझ्या मते सगळा फरक इथेच आहे. होल्डर अॅटर्नी जनरल (केंद्राच्या न्याय खात्याचे प्रमुख) असताना जानेवारी २०१५ मध्ये हे दत्तक प्रकरण बरंच आवळलं होतं, त्या पदावर सेशन्स आल्यावर जुलै २०१७ मध्ये परत मोकळं केलं.

पत्र आलं १७ डिसेंबरला, त्यावर तारीख १२ डिसेंबर. कायद्याने अशा दत्तक प्रकरणात जप्तीपासून ९० दिवसांत नोटीस पाठवावी लागते, सरळ फेडरल जप्ती असेल तर ६० दिवसांत. पत्रात शेवटची तारीख असते, पत्र पाठवल्यापासून किमान ३५ दिवसांनंतरची, आमची १७ जानेवारी होती. ख्रिसमस-न्यू इयर मधे, सगळे वकील सुट्टीवर. ही तारीख चुकली की पैसे कोर्टात न जाताच सरकारजमा, मग काहीही करा. न्याय खात्याच्याच इन्स्पेक्टर जनरलने (खात्याचा अंतर्गत तपासनीस) मार्च २०१७ मध्ये रिपोर्ट दिला होता, त्यात डीईएने (केंद्राची ड्रग्जविरोधी एजन्सी) २००७ पासून जप्त केलेली रोकड ४ अब्ज डॉलरच्या वर, आणि त्यातली ३.२ अब्ज, म्हणजे ८१ टक्के, कुठल्याही जजने न बघता जमा झालेली. त्यांनी १०० प्रकरणं नमुन्याला घेतली होती, त्यातल्या फक्त ४४ मध्ये जप्तीचा एखाद्या तपासाशी संबंध दाखवता आला. उरलेले ५६ लोक कोण असतील असं वाटत राहिलं.

पत्रात दोन रस्ते दिलेले असतात आणि सगळी मेख इथे आहे. एक पिटिशन फॉर रेमिशन, दुसरा क्लेम. पिटिशन वाचायला सोपं, मायाळू वाटतं, पण त्याचा अर्थ जप्ती बरोबर होती असं धरून दया मागणं, आणि निर्णय कोण देणार तर तीच एजन्सी. क्लेम म्हणजे पैसे माझे आहेत, जप्ती योग्य होती हे सरकारने कोर्टात सिद्ध करावं. क्लेम दाखल झाला की सरकारला ९० दिवसांत एकतर कोर्टात तक्रार दाखल करावी लागते नाहीतर पैसे सोडावे लागतात (मुदतवाढ मागू शकतात). २००० सालच्या कायद्याने ही सुधारणा केली, त्याआधी क्लेम टाकायलाच आधी बाँड (अनामत) भरावा लागायचा, आता एक पैसा लागत नाही. forfeiture.gov ला ऑनलाइन भरता येतो, कुठली मालमत्ता, तुमचा हक्क काय, आणि खोटं असेल तर शिक्षेस पात्र आहे अशी शपथ. एवढंच. पुराव्यांचं बाड लगेच जोडायची सक्ती नाही.

त्याच साइटवर नोटिसा ३० दिवस झळकतात. एका रात्री मी ती यादी उघडली, शेकडो पानांची पीडीएफ, पिकअप ट्रक, पिस्तुलं, घड्याळं, आणि कॅश, कॅश, कॅश, काही रकमा दोन-तीन हजारांच्या. त्यात माझं नाव, माझी रक्कम. आईला फोनवर यातलं काही सांगितलं नव्हतं, आणि इथे जगाला दिसेल असं छापलेलं. कोर्टात गेलं तर खटल्याचं नावही "अमेरिका विरुद्ध २३,८०० डॉलर" असं पडतं, कारण आरोपी आपण नसतो, पैसे असतात, म्हणून तर आपल्याला सरकारी खर्चाने वकील मिळत नाही. राहतं घर जप्त होत असेल तर गरीब माणसाला वकील द्यायची तरतूद आहे, रोकडीला नाही.

वकील शोधणं हा वेगळाच ताप. एकाने नुसत्या बोलण्याचे २५० घेतले आणि रक्कम लहान आहे, सोडून द्या म्हणाला. दुसऱ्याला मिळेल त्याचा तिसरा हिस्सा हवा होता. तिसरीने पहिल्या ९० दिवसांसाठी ३,५०० ठोक सांगितले, कोर्टात गेलं तर पुढचं वेगळं, दहा-पंधरा हजार धरून चाला. तिने पहिल्याच दिवशी सांगितलं, हे गणितच असं आहे की बहुतेक लोक सोडून देतात. इन्स्टिट्यूट फॉर जस्टिस या संस्थेने २१ राज्यांचा डेटा काढला तर निम्म्या रोख जप्त्या साधारण १,३०० डॉलरच्या आतल्या निघाल्या, आणि साध्यातल्या साध्या केसला वकिलाचा खर्च त्यांनी धरलाय किमान ३,०००. कोण लढेल?

५ जानेवारी २०२३ ला क्लेम टाकला. सबमिट झाल्याचा स्क्रीनशॉट, कन्फर्मेशन नंबर, आणि वर सर्टिफाइड मेलनेही एक प्रत पाठवली, आठ-नऊ डॉलर गेले पण पोच मिळाली.

मग पुराव्यांची जुळवाजुळव. बँकेच्या स्लिपा सोप्या. गाडीच्या विक्रीचं बिल ऑफ सेल आणि टायटल ट्रान्सफरचा कागद होता. ट्रेलरवाल्या आजोबांनी सही करून पत्र दिलं. भिशी मात्र वकीलबाईंच्या गळी उतरेना. रजिस्टर्ड आहे का, नाही. व्याज किती, नाही. मग प्रमुख कोण, एक काकू. काकूंनी हिशेब कुठे ठेवलाय, वहीत, मराठीत, देवनागरी आकड्यांत. त्या वहीची पानं स्कॅन केली, व्हॉट्सअॅप ग्रुपवरचे "काकू, झेल केलेत बघा" (झेल म्हणजे फोनवरून बँकेतले पैसे पाठवायची सोय) असले मेसेज एक्सपोर्ट केले, सगळ्याचं सर्टिफाइड भाषांतर करून घेतलं, १८० डॉलर. काकूंना वाटलं आता आयआरएस, म्हणजे टॅक्सवाले, दारात येणार, दोन घरांनी शपथपत्र द्यायला नकार दिला आणि त्यानंतर आमच्याशी बोलणंही जरा कमी झालं. बाकीच्यांनी दिलं. नोव्हेंबरपासूनचा हजाराचा हप्ता आम्ही एकदाही चुकवला नाही, पैसे कुठल्यातरी सरकारी खात्यात पडून असताना.

एक गोष्ट इथेच सांगते. बँकेतून दहा हजारांच्या वर कॅश काढली तर बँक एक रिपोर्ट भरते, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. तो टाळायला म्हणून तुकड्या-तुकड्याने काढणं हाच मुळात गुन्हा आहे. आमच्या स्लिपांवर वकीलबाईंनी पहिला प्रश्न हाच विचारला होता, आमची एकच विड्रॉवल होती म्हणून सुटलो.

मार्चच्या मध्यावर सरकारी वकिलाच्या ऑफिसातून फोन, तडजोड करू, ६० टक्के घ्या, १४,२८० डॉलर, आणि कुणावरही दावा लावणार नाही असं लिहून द्या. खरं सांगते, आम्ही दोन रात्री त्यावर घालवल्या. दीर म्हणाला घ्या. नवरा गप्प. लढून पूर्ण जिंकलं तर वकिलाची फी सरकार देतं असा नियम आहे, पण तो कोर्टाने निकाल तुमच्या बाजूने दिला तरच, आणि त्याला वर्ष-दोन वर्षं. वकीलबाई म्हणाल्या त्यांच्याकडे ड्रग्ज नाहीत, अटक नाही, कोर्टात पैसा आणि ड्रग्ज यांचा संबंध त्यांनाच सिद्ध करावा लागेल, ९० दिवस ५ एप्रिलला संपतात, थांबून बघा. आम्ही नाही म्हणालो.

३० मार्चला दोन ओळींचा ईमेल आला. सरकार तक्रार दाखल करणार नाही, रक्कम परत करण्यात येईल. कारण नाही, दिलगिरी नाही. मी ऑफिसात होते, बाथरूममध्ये जाऊन रडले आणि परत येऊन मीटिंगला बसले.

परत येणं म्हणजे लगेच नाही. एसीएच (थेट बँकेत पैसे जमा करायचा) फॉर्म भरा, त्यावर सोशल सिक्युरिटी नंबर, बँकेची माहिती, आणि तुमचं सरकारचं काही देणं असेल, टॅक्स वगैरे, तर ते त्यातून आधी कापून घेतात, त्यामुळे फॉर्म भरण्याआधी ते तपासा. ९ जूनला पैसे आले, पूर्ण २३,८००, व्याज शून्य. प्रकरण कोर्टात न गेल्यामुळे वकिलाची फी आमच्याच खिशातून. वकील, भाषांतर, टपाल, तो पहिला अडीचशेवाला, सगळं धरून चार हजारांच्या आसपास गेले. ट्रेलर कधीच विकला गेला होता. दुसरा सप्टेंबरमध्ये ह्यूस्टनजवळ मिळाला, थोडा लहान, यावेळी कॅशियर्स चेक (आपल्या डिमांड ड्राफ्टसारखा).

दिराच्या व्हिसावर काही परिणाम झाला नाही, पण तो अजून त्या दिशेला गाडी नेत नाही. न्यू मेक्सिको, नेब्रास्का, मेन या राज्यांनी ही गुन्हा सिद्ध न करता होणारी जप्ती बंद केलीये. सुप्रीम कोर्टाने मात्र मे २०२४ मध्ये जप्त गाड्यांच्या एका खटल्यात सांगितलं की जप्तीनंतर वेगळी, लवकरची सुनावणी द्यायलाच हवी असं घटना म्हणत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये न्याय खात्याने विमानतळ आणि स्टेशनांवर डीईएने प्रवाशांना "सहज" थांबवून झडती घेणं थांबवलं, हायवेवरच्या डेप्युटीला ते लागू होत नाही.

डेप्युटीच्या गाडीतल्या डॅशकॅमचा व्हिडिओ मी मागवलाय, कुत्रा नेमका काय करतो ते बघायचं होतं. अर्ज दोनदा फेटाळला. दोन्ही वेळा उत्तर एकच, तपास चालू असल्यामुळे देता येत नाही.